वायूचा दर ठरवताना त्यातला एलपीजीही मोजावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून अधिक आयात करावा लागतो, याची चिंता वारंवार व्यक्त होते; पण नैसर्गिक वायूच्या दराची चर्चा मात्र उष्मांकावर, म्हणजे एमएमबीटीयू (दहा लाख बीटीयू) या उष्णतेच्या एककावर, येऊन थांबते. उरण परिसरात वायुप्रक्रियेच्या कामात उमेदीची वर्षे घालवलेल्या मला हे मनापासून खटकते. मुंबई हायचा वायू किनाऱ्यावर येतो तेव्हा त्यात मिथेनबरोबर प्लास्टिक उद्योगाचा कच्चा माल असलेले इथेन, तसेच प्रोपेन आणि ब्युटेनही असतात; प्रोपेन-ब्युटेनचे मिश्रण म्हणजेच एलपीजी. वायूचा दाब उतरवून तो इतका थंड केला जातो की हे जड घटक द्रवरूप होऊन वेगळे निघतात. भर जुलैत अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असताना व्हॉल्व्हच्या उघड्या दांड्यांवर पांढरे हिम साचलेले मी कितीदा पाहिले आहे.

एक टन एलपीजीत सुमारे 47 एमएमबीटीयू उष्णता असते. 2024 मध्ये ओएनजीसीच्या जुन्या क्षेत्रांतील वायूला एमएमबीटीयूमागे 6.5 डॉलरची कमाल मर्यादा होती, म्हणजे हा टन वायूतच राहू दिला तर त्याचे जेमतेम 305 डॉलर येत. त्याच वर्षी सौदी अरामकोचे प्रोपेन-ब्युटेनचे दर टनाला साडेपाचशे ते साडेसहाशे डॉलर होते. कॉम्प्रेसरची वीज आणि देखभाल धरूनही हा फरक सोडून देण्याजोगा नाही. अर्थात वायूच महाग झाला, जसा 2022 मध्ये आयात एलएनजीचा (द्रवरूप केलेल्या नैसर्गिक वायूचा) हजर बाजारातील दर 50 डॉलरवर गेला, तर हे गणित उलटते. इथेन स्वस्त असले की अमेरिकेतील प्रकल्प ते वायूतच राहू देतात.

गुजरातमधील दहेजच्या प्रकल्पात हा प्रश्न उद्यावर आला आहे. कतारच्या एलएनजीतून तिथे इथेन, प्रोपेन आणि ब्युटेन काढले जातात, परंतु फेब्रुवारी 2024 मध्ये झालेल्या वर्षाला 75 लाख टनांच्या नव्या करारानुसार 2028 पासून येणाऱ्या वायूतून हे घटक कतारमध्येच काढून घेतलेले असतील, आणि त्यामुळे अमेरिकेतून इथेन आणण्याची तयारी चालू आहे. विकणाऱ्याने आपल्या वायूत काय आहे ते नेमके मोजले.

म्हणून पेट्रोलियम मंत्रालयाला विनंती आहे की, प्रत्येक प्रकल्पात किती एलपीजी निघाला एवढेच न सांगता, आलेल्या वायूत प्रोपेन-ब्युटेन किती होते आणि त्यातले किती न काढताच पाइपलाइनमध्ये गेले, हेही दरमहा जाहीर करावे.

आपला,
एक निवृत्त प्लांट ऑपरेटर, उरण (जि. रायगड)