29 गोल खाल्लेल्या पोरी

प्रिय शुभे,

परवा तू सांगितलंस की फुटबॉलच्या स्पर्धेत बारा गोल खाऊन आल्यावर पुढच्या वर्षी पोरींना पाठवायचंच नाही असं तुमच्या शाळेत चाललंय, आणि तुलाही ते थोडं पटायला लागलंय. तेव्हापासून डोक्यात एकच टीम फिरतेय, पॅसिफिक महासागरातल्या फिजी देशाची. फोनवर एवढं सगळं बोलणं झालं नसतं म्हणून लिहायला बसले, निवांत वाच.

फिजीच्या अंडर-20 मुली. त्यांना यंग कुलाज म्हणतात, कुला म्हणजे तिथला लाल-हिरवा पोपट. अख्ख्या देशाची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा पाव हिस्साही नाही, आणि ती पण तीनशेच्या वर बेटांवर विखुरलेली, त्यातल्या शंभरेक बेटांवरच वस्ती. त्यात तिथं रग्बी म्हणजे जीव की प्राण. चांगली पळणारी, दणकट पोरगी दिसली की ती रग्बीला नाहीतर नेटबॉलला जाते, त्यांच्या मुलींनी टोकियो ऑलिम्पिकला रग्बी सेव्हन्सचं ब्राँझ आणलं होतं. फुटबॉलला त्यातून किती उरणार सांग.

2024 साली या पोरी कोलंबियाला वर्ल्ड कप खेळल्या. फिजीची मुलींची कुठलीही टीम फुटबॉलच्या वर्ल्ड कपला जायची ती पहिलीच वेळ. आणि ग्रुप कुठला आला तर ब्राझील, कॅनडा आणि फ्रान्स! समुद्रकाठच्या पोरी बोगोटासारख्या 2,600 मीटर उंचीवरच्या शहरात जाऊन ब्राझीलशी पहिली मॅच खेळतायत. 0-9. मग कॅनडा, परत 0-9. मग फ्रान्स, 0-11. तीन मॅचमध्ये 29 गोल खाल्ले, एकही मारला नाही.

तेव्हा लोक काय काय बोलले ते मी वाचलंय गं, असल्या टीमना बोलवतातच कशाला, स्पर्धेचा दर्जा जातो वगैरे. मला मनापासून राग येतो याचा. कारण त्या काही कुणाच्या कृपेने आल्या नव्हत्या. आधी या वर्ल्ड कपला 16 टीम असायच्या, ओशनियाला, म्हणजे न्यूझीलंड आणि पॅसिफिक बेटांच्या फुटबॉल विभागाला, एकच जागा, आणि ऑस्ट्रेलिया 2006 मध्ये आशियाच्या विभागात गेल्यापासून ती जागा ठरलेली, न्यूझीलंडची. 2016 ला पापुआ न्यू गिनी खेळली पण यजमान म्हणून. म्हणजे सामोआ, टोंगा, फिजीच्या पोरींनी कितीही घाम गाळला तरी शेवटी न्यूझीलंड आडवं येणार हे आधीपासून माहीत. मग पैसे कोण घालणार, मुलींच्या कॅम्पला बोटीचं नाहीतर विमानाचं भाडं कोण देणार? 2024 ला टीम 24 झाल्या, ओशनियाला दुसरी जागा मिळाली. पात्रता स्पर्धा 2023 ला त्यांच्याच राजधानीत, सुवामध्ये झाली, फिजी फायनलला पोचली, न्यूझीलंडशी हरली पण तिकीट मिळालं. मुली त्याच, बेटं तीच, फक्त दार उघडलं आणि त्या आत आल्या. कोच होती अँजेलिन चुआ, सिंगापूरची बाई, म्हणजे तीही छोट्याशा बेटाचीच.

आता तू म्हणशील की आत येऊन मार खाण्यात काय मिळालं. तर त्यांच्याच पुरुषांचं बघ. 2015 ला फिजीची अंडर-20 मुलं पहिल्यांदा वर्ल्ड कप खेळली, पहिल्याच मॅचला जर्मनीकडून 1-8. पुढच्याच मॅचला होंडुरासला 3-0 ने हरवलं! मग 2016 ला रिओ ऑलिम्पिक, दक्षिण कोरियाकडून 0-8, जर्मनीकडून 0-10, पण मधल्या मॅचला मेक्सिकोविरुद्ध पहिला गोल फिजीचा होता, रॉय कृष्णाचा. शेवटी ती मॅच 1-5 ने गेली, पण तो गोल झाला ना. हा रॉय कृष्णा म्हणजे फिजीतल्या लबासाचा, गिरमिटिया (करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या) घराण्यातला, तोच जो पुढे कोलकात्याच्या एटीकेकडून आपली आयएसएल ही फुटबॉल लीग खेळला आणि मार्च 2020 ला जिंकला. ती फायनल इथे गोव्यात आमच्या फातोर्ड्याला झाली, कोरोनामुळे रिकाम्या स्टेडियममध्ये. घरापासून एवढ्या जवळ आणि आत जाता येत नव्हतं, अजून चुटपूट लागते.

फिजीतल्या फुटबॉलची गोष्ट तुला आवडेल. असोसिएशन 1938 ची, आणि सुरुवातीला ती फक्त तिथल्या भारतीयांची होती, उसाच्या मळ्यात राबायला नेलेल्या लोकांची पोरं. नावातून इंडियन शब्द गेला 1961 मध्ये. बा, लबासा, रेवा, नांदी, लौटोका अशा जिल्ह्याजिल्ह्यांच्या टीम, आणि त्यांच्यातली खुन्नस म्हणजे डिट्टो आपल्या कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉल टीमची, पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की शाहू स्टेडियमला जे होतं तेच. पण बघ ना, पुरुषांच्या फुटबॉलला एवढी वर्षं, एवढी गर्दी, आणि पोरींना पहिला वर्ल्ड कप 2024 ला. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचं अंतर तीन मॅचमध्ये कसं भरून निघेल?

आपल्याकडचंच घे. 2022 ला अंडर-17 मुलींचा वर्ल्ड कप आपल्या देशात झाला, आपल्या पोरी अमेरिकेकडून 0-8, मोरोक्कोकडून 0-3, ब्राझीलकडून 0-5. सोळा गोल खाल्ले, मारला एकही नाही. तेव्हाही हेच बोलणं, पैसा वाया. आणि ऑगस्ट 2025 ला भारताच्या अंडर-20 मुलींनी म्यानमारला त्यांच्याच घरी 1-0 ने हरवलं आणि वीस वर्षांनी आशिया कपला पात्र ठरल्या. मधे काय झालं? कॅम्प झाले, मॅच मिळाल्या. दुसरी काही जादू नाही गं.

तुझ्या पोरींना वर्षभरात अकराजणींची पूर्ण मैदानावरची मॅच किती वेळा मिळते? तूच म्हणालीस, जवळपास नाहीच, शाळेच्या मागच्या अर्ध्या ग्राउंडवर पाच-पाच जणी खेळतात. आणि समोरची टीम होती होस्टेलवाली, रोज दोन वेळा प्रॅक्टिस करणारी. मग बारा गोल हा तुझ्या पोरींचा निकाल नाहीच मुळी, तो त्यांना न मिळालेल्या मॅचचा आहे. आणि उपाय म्हणून उरलेली एक स्पर्धा पण बंद करायची? हे मला अजिबात पटत नाही, आणि शाळेच्या मीटिंगमध्ये तू हे ठासून बोलायला हवंस, तुझ्याशिवाय त्या पोरींच्या बाजूने बोलणारं तिथं कुणी नाहीये.

मी इथे दोन कोचशी बोललेय. दिवाळीच्या सुट्टीत तुझ्या टीमला घेऊन मडगावला ये, इथल्या मुलींच्या टीमशी तीन-चार मॅच लावतो, पूर्ण मैदान, पूर्ण वेळ, रेफ्री पण असेल. सात-आठ मुली माझ्याकडे राहतील, बाकीच्यांची सोय शेजारी होतेय, जेवणाचं माझी सासू बघते म्हणालीये. मिरजेवरून ट्रेनचं तिकीट आत्ताच काढ, सुट्टीत मिळत नाही. आणि तुझ्या गोलकीपरच्या हाताचं माप पाठव, ती साध्या हातमोज्यांवर खेळते म्हणालीस ना, इथे चांगले ग्लोव्हज मिळतात, मी घेऊन ठेवते.

तुझीच,
मेधा