सिगारेटवर शिक्षणाचा कर? आधी जुना हिशेब द्या : मंत्रिमहोदयांना एका टपरीवाल्याचं खुलं पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर माझी पानटपरी आहे. शिक्षण बी.ए., पण ते सोडा. गेल्या मंगळवारी सकाळी पावणेअकराला गावातल्या सरकारी शाळेत, चौथीच्या वर्गात, स्लॅबचा पोपडा सुटला आणि माझ्या लेकीच्या डोक्यावर पडला. डाव्या कानाच्या वर पाच टाके आहेत. टाके घालताना लेकरू रडलं नाही. पट्टीसाठी तिथले केस भादरले, ते घरी आल्यावर आरशात दिसले, तेव्हा रडली.

त्याच रात्री टीव्हीवर चर्चा चालली होती. सिगारेटवर आणखी कर लावावा आणि तो पैसा शिक्षणाला द्यावा. चार जण भांडत होते आणि चौघांचंही मला पटत होतं. लेक मांडीवर झोपलेली. म्हणलं, आता लिहावंच.

आपण दोन वर्षांमागं आमच्या गावी आला होता. शाळेच्या मैदानावर मंडप होता. "पुढच्या जूनपर्यंत चार नवीन खोल्या," असं आपण माईकवरून म्हणालात. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. त्या दिवशीच्या पाण्याच्या बाटल्या आणि पानं माझ्याच टपरीवरून गेली. त्याचे पैसे अजून यायचेत, पण ते जाऊ द्या. तो जून गेला, पुढचाही गेला. खोलीचं भूमिपूजन तेवढं झालं. नारळ फोडलेला दगड अजून आहे, पोरं त्याच्यावर बसून डबा खातात.

शाळेत एक निजामकालीन दगडी खोली आहे. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तिला तडा गेला, पण ती पडली नाही. तिला "धोकादायक" म्हणून कुलूप आहे. लेकरं परवापर्यंत बसायची ती खोली पुढं गुत्तेदारानं बांधलेली, स्लॅबची. ती "सुरक्षित". स्लॅबमधल्या सळ्या उघड्या पडल्यात, गंज धरून फुगल्यात. हेडमास्तरांनी तालुक्याच्या कचेरीत तीनदा अर्ज दिला. मी स्वतः पोच बघितली आहे.

आता कराचं बोलू. त्यात मी तज्ज्ञ नाही, पण वीस वर्षं सिगारेट विकतोय.

२००४ साली शिक्षणासाठी २ टक्के उपकर, म्हणजे करावरचा कर, आला. तो उत्पादन शुल्कावरही होता, म्हणजे सिगारेटच्या पाकिटावरही. २००७ ला माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का. २०१५ पर्यंत माझ्या काउंटरवरून गेलेल्या प्रत्येक पाकिटानं शिक्षणाचा पैसा दिलाय, साहेब. म्हणजे आज जी "नवी कल्पना" म्हणून टीव्हीवर मांडतात ती आम्ही धूर सोडत सोडत अकरा वर्षं राबवली. त्यातल्या त्या १ टक्क्याचं काय झालं? सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनंच सांगितलं की ८३ हजार कोटींवर रक्कम जमली आणि ज्या निधीत ती टाकायची तो निधीच कित्येक वर्षं उघडला नव्हता. त्यातलं सिगारेटचं किती आणि बाकीच्यांचं किती ते मला वेगळं काढता येत नाही, तुम्हाला येत असेल तर काढा. २०१८ पासून प्राप्तिकरावर ४ टक्के "आरोग्य आणि शिक्षण" उपकर आहेच. आणि उपकराची गंमत अशी की तो केंद्राला राज्यांशी वाटून घ्यावा लागत नाही. नाव आमच्या लेकरांचं आणि चावी दिल्लीत.

१ फेब्रुवारी २०२६ पासून परत वाढ झाली. जीएसटी ४० टक्के, वर हजार कांड्यांमागं २०५० ते ८५०० रुपये उत्पादन शुल्क. पानमसाल्यावर नवा उपकर आला, त्याच्या नावात आरोग्य आहे, राष्ट्रीय सुरक्षा आहे, शाळा नाही. मी नाव दोनदा वाचलं.

वाढीचा परिणाम मी गल्ल्यावरून सांगतो. नोकरदार लांब सिगारेटवरून आखूड सिगारेटवर आला. मोंढ्यातला हमाल बिडीवर गेला, तिच्यावर जीएसटी १८ टक्केच. आणि तरणी पोरं पुडीवर. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे होते ३.८ टक्के आणि खाणारे २४.४ टक्के. आमच्याकडं तर तंबाखू मळल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, म्हणून चोरून येणाऱ्या मालाचा कर इथं मिळत नाही. विक्री मात्र आहे. मी ठेवत नाही. ठेवत होतो, खोटं कशाला बोलू. तो गावात कसा येतो, मध्ये कुणाचं काय ठरलेलं असतं, ते मी लिहिणार नाही, मला इथंच राहायचंय. पण तेवढा पैसा खजिन्यात आला असता तर शाळेला संगमरवरी फरशी बसली असती.

माझ्या एका गिऱ्हाइकाचा पोरगा कॅलिफोर्नियात आहे. तिथं १९९८ मध्ये लोकांनी मतदान करून पाकिटामागं ५० सेंट कर बसवला, पाच वर्षांखालच्या लेकरांसाठी. पैसा वेगळा ठेवला, बहुतेक वाटा थेट जिल्ह्यांच्या समित्यांकडं. पुढं लोकांनी सिगारेटी कमी केल्या आणि पैसाही आटत गेला. म्हणजे शाळा चालवायची तर गिऱ्हाइकानं ओढत राहायला पाहिजे. माझी हरकत नाही, माझा धंदाच आहे. टपरीवर पाटी लावतो : "एक सिगारेट घ्या, एक वीट बसवा." पाकिटावर ८५ टक्के जागेत कॅन्सरचं चित्र आणि इशारा असतो, उरलेल्या जागेत आपला फोटो टाकू.

हे मी हसत लिहीत नाही. माझा बाप तंबाखूनं गेला. जबडा सुजला, तोंड उघडेना, बार्शीला कॅन्सरच्या दवाखान्यात न्यायचो. परत येताना एसटीत तो पाणीसुद्धा वाटीनं ओतून घ्यायचा. आणि मी त्याचं दहाव्याचं करून अकराव्या दिवशी टपरी उघडली, कारण दुसरं येत नव्हतं. मी काय विकतो ते मला रोज कळतं. बायको परवा दवाखान्यात म्हणाली, "तुम्ही लोकाच्या लेकरांना विकता, ते आपल्या लेकरावर आलं." मी तिला उत्तर दिलं नाही. पण साहेब, स्लॅब काय मी टाकला का?

आणि कर फक्त पिणाऱ्याच्याच खिशातून का? कोठारी आयोग १९६६ ला म्हणाला, शिक्षणावर देशाच्या उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तेच ६ टक्के. चोपन्न वर्षांत आकडा तेवढाच, फक्त कागद बदलला. इथं रोजगार हमीसाठी म्हणून १९७५ ला व्यवसाय कर सुरू झाला, तो अजून पगारातून कापतात. कर एकदा आला की मरत नाही, ज्याच्यासाठी आला ते काम मरतं. २० च्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून "समूह शाळा" करायची म्हणे. मोठ्या सभेत मराठवाड्याला हजारो कोटी मिळतात, २०२३ ला संभाजीनगरच्या मंत्रिमंडळ बैठकीतही मिळाले. आमच्या वर्गात त्यातली सिमेंटची एक गोणी आली असती तरी पोपडा धरून राहिला असता.

मला भरपाई नको. दवाखान्याचे पैसे मी दिलेत. त्या खोलीचं तेवढं बघा. सध्या तिला सील आहे आणि चौथीची लेकरं मारुतीच्या पारावर बसतात. पाऊस आला की घरी. आणि सिगारेटवर कर वाढवायचाच असेल तर खुशाल वाढवा, मी विरोध करणार नाही. फक्त पावतीवर खोली क्रमांक छापा. कुठली शाळा, कुठली खोली. गिऱ्हाईक विचारेल तेव्हा मला सांगता यावं.

पडलेला तुकडा मी उचलून आणलाय. मोंढ्यातल्या काट्यावर टाकला, सव्वा किलो भरला. टपरीवर बडीशेपेच्या बरणीशेजारी ठेवलाय. आपण परत आलात तर दाखवीन.

आपला,
एक टपरीवाला

ता. क. : माझी टपरी शाळेच्या फाटकापासून १०० यार्डांच्या बाहेर आहे. ती मोजायला माणसं टेप घेऊन दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा पाठवणार असाल तर टेप तोच आणा, स्लॅबचा तडाही मोजता येईल.