नारायण सापडला

नौपाडा, ठाणे
रविवार

प्रिय सुध्या,

नारायण सापडला! फोनवर सांगणार होतो, पण आप्पा दिवसभर बाहेरच्या खोलीत असतात आणि त्यांच्या कानावर हे इतक्यात जायला नको. म्हणून लिहितोय. तब्येती बऱ्या आहेत. आईचा गुडघा आहे तसाच.

आमच्या घरची कहाणी तुला पाठच आहे. पणजोबांचा धाकटा भाऊ, घरबुडव्या, मुरबाडची भातखाचरं जुगारात घालवली आणि ठाण्याच्या तुरुंगात सडला. शाळेतून येताना त्या भिंतीपाशी तू मुद्दाम ओरडायचास, "नारायणराव, जेवलात का?" आणि मी दप्तर घेऊन तुझ्यामागे धावायचो. १८३३ पासून किल्ल्याचा तुरुंग झाला, त्याआधी तो पोर्तुगीजांचा आणि मराठ्यांचा होता, हे मास्तरांनी कितीही घोकून घेतलं तरी मला वाटायचं, किल्ला बांधलाय तो आमच्या नारायणासाठीच.

तर ऐक. आमच्या जमिनीच्या जुन्या उताऱ्यांवर नारायणाचं नाव कुठेच नाही. पणजोबांचं नाव आणि पुढे ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. घरच्या कर्त्याचं नाव लागलं की भाऊ, बहिणी, विधवा काकू सगळे त्याच्या मागे गडप. हक्कनोंदीचा कायदाच १९०३ चा, त्यामुळे त्याआधीचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, मिळायचा प्रश्न नव्हता. पुढचे एकेक काढत गेलो आणि १९१७ चा हाती लागला. मोडीत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. शेवटी डोंबिवलीच्या एका गुरुजींनी रविवारची दुपार दिली.

खरेदीखत. लिहून देणार आमचे पणजोबा, "स्वतःकरिता व ए.कु.मॅ. म्हणून". कारण, सावकाराचं देणं आणि कुटुंबाची नड. आणि धाकटा भाऊ नारायण "परागंदा, ठावठिकाणा नाही". गुरुजींकडून ती ओळ मी पुन्हा वाचून घेतली. जमीन नारायणाने विकलीच नाही, सुध्या. ज्यांच्या फोटोला आप्पा रोज हार घालतात, त्यांनी विकली.

एवढ्यावर मी थांबलोही असतो. कर्त्याला नडीपायी जमीन विकायचा अधिकार होता, आणि सावकार दारात बसला की माणूस काय करेल सांगता येत नाही. पण मग नाशिकला गेलो. आपल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत, म्हणजे यात्रेला आलेले यजमान आपल्या घरच्यांची नावं लिहून ठेवतात त्या वहीत, शके १८३९ च्या माघातली नोंद आहे, म्हणजे १९१८ च्या सुरुवातीची, खरेदीखतानंतर काही महिन्यांची. खुद्द नारायणाच्या हातची. राहणार मुंबई, परळ. बायकोचं नाव, मुलाचं नाव, आणि सगळ्यांच्या वर "वडील बंधू राजश्री" म्हणून आमच्या पणजोबांचं. जिवंत, संसारी माणूस आणि भावाला मान देणारा!

त्याच पानावर खाली पणजोबांची नोंद आहे, पुढच्या सालातली. भावांच्या जागी काही लिहिलेलं नाही. आता तूच सांग, उपाध्ये आधीच्या नोंदी यजमानाला वाचून दाखवतात की नाही? मग त्यांना कळलंच असणार. परळचा पत्ता कळला, पुतण्या झालेला कळला, आणि तरी त्यांनी खाली स्वतःपुरतं लिहिलं आणि घरी येऊन नारायणाला घरबुडव्या ठरवलं, किंवा ठरवू दिलं. जमीन विकली ते मी समजू शकतो. हे नाही समजू शकत. रात्री त्या फोटोकडे बघवत नाही मला.

आणि आप्पा! लहानपणी बाप गेल्यावर त्याच आजोबांनी त्यांना वाढवलं, शिकवलं. आज ब्याऐंशीव्या वर्षी त्यांना कसं सांगू? आई म्हणते, राहू दे. धाकटा म्हणतो, "वारस उगवले तर?" अरे, १९१७ सालीच विकून झालेल्या जमिनीवर कोण काय मागणार! मला हवंय ते इतकंच, की यंदा सर्वपित्रीला नारायणाचं नाव घेतलं जावं, आणि आप्पांनी ते समजून घ्यावं. त्यांच्या नकळत मी भटजींच्या कानात सांगणं मला पटत नाही. ते पुन्हा लपवणंच.

तुमच्या बाळूकाकाबद्दल नानांना कधी सांगायचं, यावरून आपण मामलेदारच्या मिसळीसमोर भांडलो होतो. मी म्हणत होतो थांब, तू म्हणालास आजच सांगणार. सांगितलंस. अजूनही म्हणेन, नानांना जरा वेळ द्यायला हवा होतास. दोन दिवस जेवले नाहीत ते. पण तिसऱ्या दिवशी स्वतःच साताऱ्याची गाडी पकडून निघाले, हेही मी पाहिलंय. तू नेमकं कुठून सुरुवात केलीस? आधी काकाबद्दल बोललास की आधी कागद पुढे केलास? ते सविस्तर लिही, एकही वाक्य गाळू नकोस.

चिनूला दहावीबद्दल शाबासकी दे. नवं घर लाभो. वहिनींना नमस्कार. कर्जाचं जमलं का?

आणि जमलं तर सर्वपित्रीच्या आधी ये रे. आप्पा तुझं ऐकतात. माझ्यावर चिडले तर उठून निघून जातील, तुझ्यासमोर तसे उठणार नाहीत. फेरफाराची आणि नामावळीची प्रत काढून ठेवली आहे. आधी तू वाच, मग आपण दोघं बाहेरच्या खोलीत जाऊ.

तुझा,
बंड्या