निवड समितीने माजी विद्यार्थ्यांनाही विचारावे

महोदय,

पुण्यातल्या एखाद्या संशोधन संस्थेला नवे संचालक किंवा महाविद्यालयाला नवे प्राचार्य मिळाले की बातमीत त्यांच्या शोधनिबंधांची संख्या, पेटंट आणि परदेशातली वर्षे छापून येतात. त्यांनी आजवर किती माणसे सांभाळली आणि कशी सांभाळली, याबद्दल एक ओळही नसते. निवड समितीपुढच्या कागदांतही ती सहसा नसते. माझी तक्रार या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

मी शहरातल्या एका प्रयोगशाळेत उपकरण विभागात तांत्रिक अधिकारी होतो. रेणूंची रचना तपासणाऱ्या एनएमआर यंत्राचे स्लॉट वाटणे, द्रवरूप नायट्रोजन वेळेवर भरला जातो की नाही ते पाहणे, देखभालीचा वार्षिक करार संपण्याआधी फाइल हलवणे, हे माझे काम. कोणता शास्त्रज्ञ कसा आहे, ते मला त्याचे विद्यार्थी माझ्याकडे कसे येतात त्यावरून कळे. काही गटांतली मुले नमुना घेऊन सरळ आत येत आणि प्रयोग फसला असेल तर तसे सांगत. काही गटांतली मुले दारातच घुटमळत. निकाल मनासारखा आला नाही तर वर जाऊन काय ऐकावे लागेल, याची धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

एका तरुण शास्त्रज्ञ बाईंना रुजू होऊन तीन-चार वर्षे झाली असतील, तेव्हा संचालकांनी त्यांच्याकडे सामाईक उपकरणांची समिती दिली. ज्येष्ठ मंडळी हे कटकटीचे काम टाळत. बाईंनी सुरुवातीला काही बदलले नाही, फक्त आमची नोंदवही वाचून काढली. दिवसाचे चांगले स्लॉट दोनच मोठ्या गटांकडे जातात आणि बाकीच्यांची मुले रात्री जागतात, हे त्यांना दिसले. त्या नोंदवही घेऊन दोन्ही ज्येष्ठांच्या खोलीत गेल्या. आवाज चढले, पण वाटप बदलले. नंतर इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणीपत्रे, परत का येतात हे समजून घ्यायला त्या खरेदी विभागातल्या कारकुनांशेजारी खुर्ची ओढून बसू लागल्या. पुढे त्या विभागप्रमुख झाल्या. सर्वांत कमी दराची निविदा घेण्याच्या एल-वन नियमात चांगले यंत्र कसे निसटते, निधी खर्च झाल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, वेळेत गेले नाही की पुढचा हप्ता कसा थांबतो आणि त्या हप्त्यावर कोणत्या जेआरएफचे, म्हणजे शिष्यवृत्तीवरच्या तरुण संशोधकाचे, खोलीभाडे अवलंबून असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

दुसरे एक प्रमुख त्यांच्या विषयात देशभर नावाजलेले होते. त्यांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून स्वतःच्या गटाबाहेरचे कोणतेही काम त्यांच्यावर कोणी कधी टाकले नव्हते. खुर्चीवर आल्यावर फाइली साचू लागल्या. शोधनिबंधावर कोणाचे नाव आधी, यावरून दोन सहकाऱ्यांत वाद झाला, तेव्हा तुमचे तुम्ही बघा म्हणून त्यांनी तो सोडून दिला. विभागात तट पडले. शेवटी त्यांचे स्वतःचे संशोधनही थांबले. त्या सज्जन माणसाची ओढाताण आठवली की मला आजही वाईट वाटते. त्यांना इतकी वर्षे जपून ठेवणाऱ्यांनीच त्यांचे नुकसान केले.

नेतृत्व घडवता येते, हे याच शहराने पाहिले आहे. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये आयुका या खगोलशास्त्र संस्थेची उभारणी सुरू केली, तेव्हापासून नरेश दधिच आणि अजित केंभावी त्यांच्याबरोबर होते. २००३ मध्ये नारळीकर संचालकपदावरून बाजूला झाले आणि पुढे हे दोघे एकामागून एक संचालक झाले. दोघांनीही आयुका पहिल्यापासून उभी राहताना पाहिली होती. गोविंद स्वरूप यांनी उटीला ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली, मग पुणे जिल्ह्यातल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही दुर्बीण. त्यांचे विद्यार्थी विजय कपाही पुढे पुण्यातल्याच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले. अशी माणसे जाहिरात देऊन अचानक मिळत नाहीत.

आता नियम पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्राचार्यपदासाठी पीएचडी, १५ वर्षांचा अनुभव, किमान १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण लागतात. या गुणांत पीएचडी मिळालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे गाइडला १० गुण आहेत. जी मुले कंटाळून किंवा अपमान सोसून मधेच निघून गेली, त्यांच्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नाही. प्राध्यापकाकडे एका वेळी ८ पीएचडी विद्यार्थी असू शकतात. म्हणजे आठ तरुणांची काही वर्षे त्याच्या हातात असतात आणि हे काम त्याला कोणी शिकवलेले नसते. युरोपात जीवशास्त्रज्ञांची एम्बो ही संस्था नव्या गटप्रमुखांसाठी प्रयोगशाळा चालवण्याचे वर्ग घेते. माणसे कशी निवडावीत, मतभेद कसे हाताळावेत, हे तिथे शिकवतात. आपल्याकडेही असे वर्ग रुजू झाल्यावर पहिल्या दोन वर्षांतच व्हावेत. पन्नाशीनंतरच्या शिबिराचा उपयोग थोडाच.

पण वर्ग पुरेसे नाहीत. खरी सही, खरा पैसा आणि खरा वाद हाताळायला मिळाल्याशिवाय माणूस तयार होत नाही. म्हणून प्रत्येक विभागात चाळिशीच्या आतल्या कोणाला तरी दोन वर्षे उपप्रमुख नेमावे, खर्चाचे मर्यादित अधिकार द्यावेत आणि तेवढा अध्यापनाचा भार कमी करावा. हे काम जमत नाही असे ज्याला वाटेल त्याला मान खाली न घालता प्रयोगशाळेत परतता आले पाहिजे. चांगल्या संशोधकाने प्रमुख झालेच पाहिजे, असे मुळीच नाही.

आणि संचालक, प्राचार्यपदाच्या जाहिरातींत अर्जदाराने आजवर मार्गदर्शन केलेल्या सर्व विद्यार्थ्यांची यादी मागावी, अर्धवट सोडून गेलेल्यांसह. मुलाखतीआधी समितीने त्यांतल्या दोघा-तिघांना आणि त्या प्रयोगशाळेतल्या एखाद्या तंत्रज्ञाला स्वतः फोन करावा.

— एक निवृत्त तांत्रिक अधिकारी, पुणे