शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : मुलग्यांशी कोण बोलणार?

माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

मी गेली बावीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. गेल्या वर्षी नववीच्या वर्गात हुंड्यावरच्या उताऱ्याची चर्चा चालू असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, आई उलट बोलली की पप्पा मारतात. त्यात काय एवढं?” त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता, एसटी उशिरा येते हे सांगावे, तितक्या सहजपणे तो बोलला. वर्गात कोणी दचकले नाही. तेवढ्यात घंटा झाली, आणि मी त्याला काहीही न बोलता वर्गाबाहेर पडलो, याची खंत मला आजही आहे. अशा वेळी काय बोलावे, हे बी.एड.मध्ये किंवा नंतरच्या कोणत्याही प्रशिक्षणात आम्हाला शिकवलेले नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ४४ टक्के पुरुषांनी पत्नीला मारणे कोणत्या ना कोणत्या कारणासाठी योग्य मानले, आणि स्त्रियांमध्येही हे प्रमाण जवळपास तेवढेच होते. ही समजूत लहानपणी घरातच पक्की होते. शाळांत तक्रारपेटी आहे, २०२२ पासून विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आहे, आणि हे सारे हवेच. पण मुलींना स्वसंरक्षणाचे धडे दिले जातात, तेव्हा आमच्याकडे मुलगे मैदानावर कबड्डी खेळत असतात.

मुलग्यांशी बोलता येते, हे महाराष्ट्राने पूर्वीच दाखवले आहे. ‘मावा’ ही पुरुषांचीच संघटना १९९३ पासून मुंबईत तरुणांबरोबर स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध काम करते. मुंबईच्या महापालिका शाळांत कोरो ही स्वयंसेवी संस्था आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांच्या सहभागाने सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर खेळ आणि चर्चांतून असा कार्यक्रम राबवला गेला, तर ‘परिवर्तन’ उपक्रमात क्रिकेट प्रशिक्षकांनाच त्यासाठी तयार करण्यात आले. मला ही शेवटची कल्पना फार मोलाची वाटते, कारण पंधरा वर्षांचा मुलगा मराठीच्या सरांपेक्षा पी.टी.च्या सरांचे अधिक ऐकतो.

म्हणून माझी विनंती अशी की, सातवी ते नववीच्या वेळापत्रकात मुलग्यांशी अशा संवादासाठी आठवड्याला एक तास राखून ठेवावा, तो गणिताला देऊन टाकण्याची मुभा कोणत्याही शाळेला नसावी, आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांपासून प्रशिक्षणाची सुरुवात करावी. २५ नोव्हेंबरला, म्हणजे स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी दिनाला, शपथ घेऊन छायाचित्र पाठवण्याचे परिपत्रक कृपया काढू नये.

तो मुलगा आता दहावीत आहे. मार्चमध्ये परीक्षा झाली की तो शाळेतून जाईल.

आपला विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षक