डायलिसिस सुरू झाले, पथ्य मात्र जुनेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०१६ साली सुरू झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांमुळे खानदेशातील अनेक गरीब घरांना डायलिसिस परवडू लागले, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. यंत्रावरचे चार तास संपल्यानंतर रुग्ण घरी काय जेवतो, या प्रश्नाकडे मात्र अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

माझी पत्नी अडीच वर्षांपासून हेमोडायलिसिसवर, म्हणजे यंत्रातून रक्त शुद्ध करून घेण्याच्या उपचारावर आहे. अमळनेर तालुक्यातील आमच्या गावाहून आठवड्यातून दोनदा आम्ही एसटीने धुळ्याला जातो. मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत होती, तेव्हा प्रथिने कमी करण्यास सांगितले गेले आणि त्या टप्प्यावर ते योग्यच होते. डायलिसिस सुरू झाल्यावर हा नियम उलटतो, हे आम्हाला वर्षभर कोणी सांगितले नाही. प्रत्येक डायलिसिसमध्ये रक्तातील काही ग्रॅम अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, वाहून जातात. त्यामुळे अशा रुग्णाला दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला पन्नास ते साठ ग्रॅम. आमच्या घरी मात्र पथ्याचा जुना कागद प्रमाण मानून डाळ, दही, अंडी सारे बंद होते आणि ती पातळ वरणाच्या निवळीबरोबर अर्धी भाकरी खात होती.

याहून वाईट म्हणजे तिचे खंगणे काट्यावर दिसलेच नाही. मांस झडत होते आणि त्या जागी पाणी साठत होते, त्यामुळे वजन तेवढेच राहिले. दंड बारीक झाले, पायऱ्या चढवेनात, डायलिसिसनंतरचा दुसरा दिवसही अंथरुणातच जाऊ लागला. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन घसरल्याचे एका तरुण डॉक्टरांनी पाहिले, तेव्हा कुठे आहाराचा विषय निघाला. आता ती रोज दोन अंड्यांचा पांढरा भाग व मोजून डाळ खाते आणि सकाळी अंगण स्वतः झाडते. आमच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

पथ्याचे छापील कागद आपल्या ताटाशी जुळत नाहीत, हीदेखील मोठी अडचण आहे. केळी हे आमच्या भागाचे पीक; पाहुणा आला की घडच पुढे येतो, पण एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते आणि ते रक्तात वाढले तर हृदय बंद पडू शकते. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकल्यास पोटॅशियम बरेच कमी होते, हे कोणत्याही गृहिणीला पाच मिनिटांत दाखवता येईल. बिबड्या, पापड, लोणचे, शेवभाजी यांतील मीठ तहान वाढवते. वैशाखात पारा ४४ अंशांवर गेला असताना मोजक्या पाण्यावर राहणाऱ्या माणसाला ती तहान काय असते, हे जवळ बसून पाहावे. बाजारातील ‘कमी सोडियम’चे मीठ तर अनेकदा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते. ते आम्ही ‘चांगले’ म्हणून महिनाभर वापरले, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील प्रत्येक डायलिसिस केंद्रात आठवड्यातून निदान एक दिवस आहारतज्ज्ञ यावा, त्याने रुग्णासोबत घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीशीही बोलावे आणि पथ्याचा कागद अहिराणी बोलणाऱ्या आजीलाही वाचून दाखवता येईल इतका सोपा असावा, अशी माझी विनंती आहे. अल्ब्युमिन, भूक आणि रुग्णाला घरी काय करता येते, याची नोंद दर महिन्याला फाइलमध्ये व्हावी. रुग्ण चार तास त्याच खाटेवर असतो. या चौकशीसाठी वेगळी वेळ काढण्याची गरज नाही.

आपला,
एका डायलिसिस रुग्णाचा पती,
ता. अमळनेर, जि. जळगाव