कोड निघाला म्हणून सेन्सर बदलू नका

मा. संपादक,

पिकअपचा चेक इंजिन दिवा लागला की स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचतात आणि थेट सेन्सर बदलला जातो. कोड सर्किट दाखवतो, बिघडलेला भाग नव्हे. पी०११३ घ्या, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटचा कोड. भर उन्हात स्क्रीनवर हवेचं तापमान उणे ४० अंश, म्हणजे सर्किट तुटलंय. किल्ली बंद करून सेन्सरचं सॉकेट काढा, सॉकेटातल्या तापमानाच्या सिग्नल आणि अर्थ (ग्राउंड) या दोनच पिना वायरच्या तुकड्याने जोडा (चुकूनही ५ व्होल्ट पुरवठ्याची पिन नको), किल्ली फिरवा. आकडा शंभराच्या वर उडाला तर वायरिंग ठीक, सेन्सर गेला. उणे ४० वरच अडला, तर हिरवी पडलेली पिन किंवा उंदराने कुरतडलेली वायर शोधा. तोवर कोड पुसू नका. बिघाडाच्या क्षणाची नोंदही त्याबरोबर जाते.

– एक वाहन दुरुस्तीकार